मर्ढेकर : एका कवितेच्या वाचकांमधून

मराठी कवितेच्या इतिहासात काही नावे अशी आहेत की ती उच्चारताच एखादे फूल, एखादा पक्षी किंवा एखादी पायवाट डोळ्यांपुढे उभी राहते. बालकवी म्हटले की झरा आठवतो, बोरकर म्हटले की गोव्याचे समुद्रकिनारे आठवतात. बाळ सीताराम मर्ढेकर हे नाव घेतले की मात्र आठवतात ते उंदीर! पाण्याने भिजलेले, पिपात मरून पडलेले उंदीर. ज्याने मर्ढेकरांचे एकही पुस्तक हातात घेतलेले नाही त्यालाही हे उंदीर ठाऊक असतात. मर्ढेकरांनी आपल्या बऱ्याच कवितांना शीर्षके दिली नाहीत, नुसते क्रमांक दिले. त्यामुळे या कवितेलाही नाव नाही. प्रस्तुत लेखात मी तिला उंदरांची कविता एवढेच म्हणणार आहे.

एखाद्या कवीचे चरित्र सांगायचे म्हणजे जन्म, शिक्षण, नोकरी, ग्रंथ आणि मृत्यू असा क्रम ठरलेला असतो. तो क्रम मीही सोडणार नाही. परंतु मर्ढेकरांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. या कवीचे निम्मे चरित्र त्याच्या वाचकांनी घडविले आहे. कोणी त्याची टिंगल केली, कोणी त्याला कोर्टात उभे केले, कोणी डोक्यावर घेतले, कोणी त्याच्याशी हयातभर वाद घातला. आणि आज आपण विद्यार्थी त्याचे काय करतो आहोत, हा प्रश्नही त्या चरित्राचाच भाग आहे, असे मला वाटते.

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी. साताऱ्याजवळच्या मर्ढे या गावावरून ते मर्ढेकर झाले. बालपण आणि शालेय शिक्षण खानदेशातल्या लहानलहान गावांत व धुळ्यास झाले, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे ज्याला सगळे महाराष्ट्र महानगराचा कवी म्हणून ओळखू लागले तो वाढला तो असा केळीच्या बागांच्या मुलखात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शहरात जन्मलेल्या माणसाला शहर दिसत नाही. बाहेरून आलेल्याला ते पहिल्याच दिवशी दिसते.

१९२९ साली ते आय. सी. एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. त्या काळी हुशार मुलाने करावयाची ही सर्वांत मोठी गोष्ट होती. ती परीक्षा त्यांना साधली नाही आणि १९३३ साली ते परत आले. घरच्यांच्या दृष्टीने ही वर्षे वाया गेली असतील. मराठी कवितेच्या दृष्टीने ती मुळीच वाया गेली नाहीत. टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली होती आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या लंडनचे उजाड, थकलेले चित्र तिने उभे केले होते. त्या कवितेतही उंदीर आहेत. तिलाही आरंभी अनेकांनी दुर्बोध म्हणून हिणवले होते. मर्ढेकर इंग्लंडात होते तेव्हा ही कविता जुनी होऊ लागली होती, परंतु तिच्यावरचा वाद संपलेला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी काही काळ ‘टाइम्स ऑफ इंडिया’त काम केले, काही वर्षे इंग्रजीची प्राध्यापकी केली आणि १९३८ पासून ते नभोवाणीच्या नोकरीत शिरले. ही नोकरी त्यांनी अखेरपर्यंत केली. मला या गोष्टीचे नेहमी कुतूहल वाटते. ज्या माणसाची कविता लोकांना कळत नव्हती त्याचा रोजचा व्यवसाय लोकांच्या कानांपर्यंत शब्द पोचविण्याचा होता! त्यांनी संगीतिका लिहिल्या त्याही याच काळात. शब्द आधी ऐकू येतो आणि मग कळतो, हे नभोवाणीच्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार?

१९३९ साली त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ प्रसिद्ध झाला. या संग्रहातला कवी नंतरच्या मर्ढेकरांच्या वाचकांना ओळखूही येणार नाही. प्रीती, विरह, ऋतू, हळवेपणा. बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वाटेने जाणारा एक सुसंस्कृत तरुण त्यात दिसतो. मधल्या काळात ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) आणि ‘तांबडी माती’ (१९४३) या कादंबऱ्या आल्या. मनात एकामागून एक उमटणाऱ्या विचारांचा अखंड प्रवाह कागदावर उतरविण्याचा प्रयोग त्यांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये केला. म्हणजे कवितेतले वादळ येण्यापूर्वी गद्यात त्याची चाहूल लागलेली होती.

वादळाला कारणेही तशीच होती. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले; त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानवर अणुबाँब पडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांचे बंड झाले आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या. शहरात माणसे सारखी येतच होती. १९४१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. चाळीच्या एका खोलीत किती माणसांनी झोपावे याला काही मर्यादाच उरली नाही.

आणि उंदीर? उंदीर हा मुंबईला नवा नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हापासून मेलेला उंदीर म्हणजे मृत्यूचा निरोप, हे समीकरण मराठी घरांत पक्के बसले होते. उंदीर पडला की घर सोडावयाचे, माळावर झोपड्या टाकून राहावयाचे, हा अनुभव आपल्या पणजोबांच्या पिढीने घेतलेला आहे. तेव्हा मर्ढेकरांनी उंदीर कोठून परदेशातून आयात केला, असे समजण्याचे कारण नाही. विशेष म्हणजे फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांची ‘प्लेग’ ही कादंबरी, जिच्या आरंभीच मेलेले उंदीर आहेत, ती प्रसिद्ध झाली १९४७ साली. आणि मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रहही १९४७ सालचाच. दोन दूरच्या देशांतल्या दोन लेखकांना एकाच काळात एकच प्राणी दिसावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल का?

उंदरांची कविता १९४६ च्या सुमारास पुढे आली. पु. आ. चित्रे यांच्या संपादकत्वाखाली बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुची’ या मासिकाने त्या काळी नव्या लेखकांना मोठाच आसरा दिला होता. मर्ढेकरांची ही कविता त्याच मासिकातून वाचकांपुढे आली. कविता अगदी छोटी आहे. उंदीर बिळात जगले आणि पिपात मेले, त्यांना कोणी हाताने मारलेही नाही. त्यांना ना जगण्याची मोकळीक होती, ना मरण्याची. त्यात बॅकेलाइटचे नाव येते, म्हणजे त्या काळी टेलिफोन आणि रेडिओच्या पेट्या ज्याच्या बनत तो कारखान्यातला कृत्रिम पदार्थ. आणि शेवटी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, स्नानाचा उल्लेख येतो. बस, एवढेच.

पहिल्या वाचकांनी या कवितेचे काय केले, हे आपण थोडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. ते भडकले. त्यांनी तिची विडंबने केली. सभांमधून, नियतकालिकांमधून उंदीर हा हशा पिकविण्याचा हुकमी विषय झाला. रविकिरण मंडळाच्या सुरेल कवितेवर वाढलेल्या, कविता चालीवर म्हणून दाखवावयाची असते असे मानणाऱ्या वाचकाला एकाएकी पिंप, उंदीर, उचकी आणि बॅकेलाइट यांच्या स्वाधीन करण्यात आले होते. तो चिडला तर नवल काय? दुर्बोधता हा शब्द त्या वेळी इतका वापरला गेला की नवकविता म्हणजे दुर्बोध कविता अशी व्याख्याच रूढ झाली.

परंतु गंमत अशी की ही कविता मुळात बेसूर नाहीच. टेबलावर बोटांनी ठेका धरून ती म्हणून पाहावी. आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांची, आपल्या ओळखीच्या पादाकुलकाची चाल तिच्यात स्पष्ट ऐकू येते. मर्ढेकरांनी ओवी, अभंग आणि जुनी मात्रावृत्ते कधी टाकून दिली नाहीत. लहान मुलांच्या गाण्याला शोभेल अशा चालीवर त्यांनी मरणाची गोष्ट सांगितली. मला वाटते, पहिल्या वाचकांना खरा धक्का बसला तो येथे. कविता नुसती कळली नसती तर त्यांनी पान उलटून टाकले असते. ती जिभेवर बसली आणि तरी कळेना, म्हणून ते संतापले. आणि विडंबन करावयाचे तर मूळ कविता पाठ असावी लागते. म्हणजे मर्ढेकरांच्या विरोधकांनीच त्यांची कविता प्रथम पाठ केली!

विरोध टिंगलीवरच थांबला असता तर एक वेळ ठीक होते. ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यानंतर त्या संग्रहातल्या काही कवितांवर अश्लीलतेचा आरोप ठेवून सरकारने मर्ढेकरांवर खटला भरला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात एका सरकारी नोकराला कवितेपायी आरोपी म्हणून उभे राहावे लागले. या खटल्यातून ते निर्दोष सुटले. परंतु निर्दोष सुटणे म्हणजे काही घडलेच नाही असे होत नाही. नोकरी, अब्रू, मनःस्वास्थ्य या साऱ्यांवर टांगती तलवार ठेवून त्यांनी ते दिवस काढले असणार. असे असूनही १९५१ साली ‘आणखी काही कविता’ हा संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. त्या साध्या नावातच मला त्यांचे उत्तर दिसते. ना तक्रार, ना समर्थन. आधी काही दिल्या होत्या, आता आणखी काही घ्या.

मर्ढेकरांना समर्थक मिळाले नाहीत असे नाही. गंगाधर गाडगीळ, वा. ल. कुलकर्णी, म. वा. राजाध्यक्ष यांच्यासारख्या जाणत्यांनी नव्या कवितेची बाजू घेतली. ‘सत्यकथा’ मासिकाने नव्या साहित्याला हक्काचे घर दिले. परंतु मर्ढेकरांची खरी बाजू मांडली ती मर्ढेकरांनीच, आणि तीही कवितेचा खुलासा करून नव्हे. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) पासून ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पर्यंत त्यांनी सौंदर्यशास्त्राचा विचार सातत्याने केला. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कलाकृतीची लय सिद्ध होते, हा त्यांचा सिद्धांत आपल्याला अभ्यासाला असतो. त्यातलीच एक कल्पना म्हणजे भावनानिष्ठ समतानता. शब्द जरा अंगावर येतो, परंतु गोष्ट सोपी आहे. जुन्या उपमेत दोन वस्तू दिसण्यात सारख्या असाव्या लागत. मुख चंद्रासारखे, कारण दोन्ही वाटोळे आणि तेजस्वी. मर्ढेकरांचे म्हणणे असे की दोन वस्तू दिसण्यात मुळीच सारख्या नसल्या तरी चालेल, त्यांच्याभोवतीची भावना समान असली म्हणजे झाले. चाळीतला कारकून आणि पिपातला उंदीर यांच्यात दिसण्याचे साम्य काहीच नाही. कोंडून मरण्याची भावना मात्र एकच आहे. ही किल्ली हाती असली की कवितेचे कुलूप उघडते, निदान किलकिले तरी होते.

येथे आपल्या नागपूरचा संबंध येतो. मर्ढेकरांच्या या भूमिकेशी ज्यांनी अत्यंत गंभीरपणे वाद घातला त्यांत शरच्चंद्र मुक्तिबोध हे अग्रभागी होते. १९२१ साली इंदूरला जन्मलेले शरच्चंद्र नागपूरला स्थायिक झाले, येथेच त्यांनी प्राध्यापकी केली आणि १९८४ साली त्यांचे निधनही येथेच झाले. त्यांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९ सालचा, म्हणजे मर्ढेकरांच्या दोन संग्रहांच्या मधला. मार्क्सवादाचा संस्कार असलेल्या या कवीला शहराचे दैन्य दिसत नव्हते असे नाही. त्यांचे वडीलबंधू, हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध, १९४८ पासून दहाएक वर्षे याच नागपुरात राहिले, काही काळ येथल्या आकाशवाणीतही होते. एम्प्रेस मिलचा भोंगा दोघाही भावांनी ऐकला होता. शरच्चंद्रांचा मतभेद होता तो निराळा. सौंदर्य हे केवळ रचनेत नसते, ते मानवी मूल्यांपासून तोडता येत नाही, ही भूमिका त्यांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात मांडली आणि त्या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टिंगल करणारे मर्ढेकरांना विसरून गेले. मतभेद असणाऱ्याने मात्र त्यांच्याशी बोलण्यात वर्षानुवर्षे खर्च केली. कवीला यापेक्षा चांगला वाचक कोठला?

दुसरे उत्तर कवींनी दिले. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतही तीच मुंबई आहे. पण तिथला माणूस कोंडून मरत नाही, तो कामावर जातो, भांडतो, संघटना करतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि शहराच्या तळाचे असे जग कवितेत आले की त्यापुढे मर्ढेकरांचे पिंप एकदम स्वच्छ वाटू लागले. नागपुरात वामन निंबाळकरांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ (१९७३) आणि यशवंत मनोहरांचा ‘उत्थानगुंफा’ (१९७७) हे संग्रह याच लाटेतले. मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत वारले आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु नागपूरच्या विद्यार्थ्याला १९५६ हे साल दोन्हींची आठवण करून देते. मध्यमवर्गीय कवीला घाण, कोंडमारा आणि बीळ ही प्रतीके म्हणून सापडली. पुढच्या पिढीतल्या कवींचा तो राहण्याचा पत्ता होता. त्यांनी मर्ढेकरांना नाकारले असे मी म्हणणार नाही. उंदीर स्वतःच बोलू लागले तर काय म्हणतील, ते त्यांनी दाखविले.

हे सारे समीक्षेच्या ग्रंथांतून मिळते. विजया राजाध्यक्ष यांचा ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ हा द्विखंडात्मक ग्रंथ तर या विषयाचा पायाच मानला जातो. परंतु ज्याने समीक्षा वाचलेली नाही अशा माणसाला ही कविता आज ऐकविली तर काय होते, हे मला पाहावयाचे होते. म्हणून मी ती तीन निरनिराळ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखविली. आधी कवीचे नाव सांगितले नाही आणि अर्थही सांगितला नाही.

पहिल्या म्हणजे माझ्या आजी. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. उंदीर हे गणपतीचे वाहन, त्याच्या मरणाची कविता कशाला करायची, असे त्यांना प्रथम वाटले. पण शेवटचा स्नानाचा उल्लेख ऐकून त्या गप्प झाल्या. मग त्यांनी मला सांगितले की आंघोळ तर मयताला घालतात, आणि या बिचाऱ्यांना ती घालणारेही कोणी नव्हते, म्हणून मेल्यावर ते आपले आपणच न्हाले. त्या शब्दापाशी पुस्तकात मी किती तरी वेळ अडून बसलो होतो!

दुसरे आमच्या गल्लीतले एक वृद्ध काका. त्यांची उमेद एम्प्रेस मिलच्या सूतखात्यात गेली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी या शतकाच्या सुरुवातीस कायमची बंद पडली. काकांनी कविता दोनदा वाचायला लावली आणि एकच प्रश्न विचारला, की पिपात पाणी भरले कोणी? उंदीर आपण होऊन भरल्या पिपात राहायला जात नाही. कोणी तरी पिंप ठेवले, कोणी तरी पाणी भरले, आणि त्याचे नाव कवितेत का नाही? मी निरुत्तर झालो. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ज्या दिशेने बोट दाखविले तेथे काका एका प्रश्नात जाऊन पोचले होते. आणि मर्ढेकरांच्या बाजूने विचार केला तर असेही वाटते की ते नाव कवितेत नाही म्हणूनच ती इतकी भयंकर आहे. मारणारा हात दिसत नाही. मरण मात्र दिसते.

तिसरा माझा एक मित्र. तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. नागपुरात ठिकठिकाणी ज्या अभ्यासिका निघाल्या आहेत त्यांपैकी एकीत, लाकडी फळ्यांनी आखलेल्या दोन हात रुंदीच्या खणात, तो दिवसाचे बारा तास बसतो. कविता ऐकून तो हसला आणि म्हणाला की यात न समजण्यासारखे काय आहे, हे तर आमच्या अभ्यासिकेचे वर्णन आहे. त्याला बॅकेलाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण त्याने त्याच्या जागी मोबाइलचा पडदा ठेवून पाहिला आणि त्याला कविता लागू पडली. मला मात्र त्या हसण्याने बरे वाटले नाही. आय. सी. एस.च्या परीक्षेतून रिकाम्या हाताने परतलेल्या एका तरुणाची कविता, परीक्षेच्या खणात बसलेल्या दुसऱ्या तरुणाला कोणाच्या मदतीशिवाय कळावी, हे मराठी कवितेचे यश म्हणावे की आपल्या काळाचे अपयश?

या तिघांपैकी एकानेही कविता दुर्बोध आहे असे म्हटले नाही. तिघांनी तीन निरनिराळे अर्थ सांगितले. आजींनी तीत करुणा ऐकली, काकांनी अन्याय ऐकला, मित्राने स्वतःला ऐकले. उंदरांच्या कवितेत केवळ नैराश्य आहे, असे आपण परीक्षेत लिहितो. मला ते अपुरे वाटते. निराश माणूस मेलेल्या उंदरांना बिचारे समजत नाही. तो त्यांच्याकडे पाहतही नाही. मर्ढेकरांनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्यासाठी एक चाल शोधली आणि अखेरीस त्यांना आंघोळही घातली. याच कवीने मुंबईच्या पहाटेचे गर्भवतीच्या रूपात कोवळे चित्र रंगविले आहे, माडी बांधण्याचे स्वप्न पाहत विडी ओढत मरून गेलेल्या गणपत वाण्याला अमर केले आहे, आणि आपल्या मनाचा कठीणपणा भंगावा म्हणून संतांच्या तळमळीने देवापाशी याचना केली आहे. ज्याला जगाचा नुसता वीट आला आहे तो अशी प्रार्थना करील काय?

मर्ढेकर गेले तेव्हा ते अवघे सेहेचाळीस वर्षांचे होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर. १९५९ साली त्यांच्या कविता ‘मर्ढेकरांची कविता’ या नावाने एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर त्यांना नवकाव्याचे प्रवर्तक, युगप्रवर्तक अशी बिरुदे लागली. ज्यांच्या नावाने हशा पिकत होता त्यांच्या नावापुढे आता आदरार्थी विशेषणे आली. कविता अभ्यासक्रमात गेली, आणि अभ्यासक्रमात गेली म्हणजे गाइडात गेली.

माझे खरे म्हणणे येथे आहे. १९४६ सालच्या वाचकाने मर्ढेकरांची टिंगल केली, कारण त्याला ती कविता बोचली. सरकारने खटला भरला, कारण तिला कविता धोकादायक वाटली. शरच्चंद्र मुक्तिबोध झगडले, कारण त्यांना ती महत्त्वाची वाटली. या साऱ्यांनी कवितेला जिवंत मानले. आपण मात्र काय करतो? उंदीर म्हणजे सामान्य माणूस, पिंप म्हणजे महानगर, बॅकेलाइट म्हणजे यंत्रयुग, अशी तीन समीकरणे पाठ करतो, आठ गुणांच्या प्रश्नात ती उतरवून काढतो आणि वही मिटतो. आपल्याला राग येत नाही, हसू येत नाही, प्रश्नही पडत नाही. मर्ढेकरांना दुर्बोध म्हणणाऱ्यांनी त्यांचे फार नुकसान केले असे आपण वर्गात ऐकतो. मला वाटते, त्यांना सोपे करून टाकणाऱ्यांनी अधिक नुकसान केले आहे.

यावर उपाय काय, असे कोणी विचारील. उपाय फार मोठा नाही. परीक्षेपूर्वी एकदा ही कविता घरातल्या कोणाला तरी, ज्याला गुणांशी काही देणेघेणे नाही अशा माणसाला, मोठ्याने वाचून दाखवावी आणि तो काय म्हणतो ते मुकाट्याने ऐकावे. मर्ढेकरांनी आयुष्यभर ध्वनिक्षेपकापुढे बसून न दिसणाऱ्या श्रोत्यांसाठी काम केले. ते श्रोते आपल्या आसपासच आहेत, आणि कवितेला अजून त्यांच्या उत्तराची गरज आहे.